रात्री अकराला पारोळ्याहून सुरत: लेन असिस्टच्या भरवशावर निघावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या भाऊंचं पारोळ्यात कापडाचं दुकान आहे आणि माल बघायला दर पंधरा दिवसांनी सुरतेला जावं लागतं. रात्री दुकान वाढवायचं, जेवायचं, अकराच्या सुमारास गाडी काढायची आणि पहाटे पोचायचं, ही जुनी रीत. आता नवी गाडी घेतलीय, तिच्यात ॲडास आहे, म्हणजे कॅमेरा-रडारच्या जोरावर चालकाला मदत करणारी यंत्रणा. शोरूममध्ये सांगितलं की हायवेला अर्धी गाडी तीच चालवते. साक्रीच्या पुढे डोळे जड होतात, तेव्हा क्रूझ (पुढच्या गाडीशी अंतर राखत वेग सांभाळणारं) आणि लेन असिस्ट (गाडी लेनमध्ये धरून ठेवणारं) लावून जरा निवांत बसलं तर चालेल का, असं ते विचारतात. उलट त्यांचे थोरले भाऊ म्हणतात, ही नुसती कटकट आहे, गाडी मधेच ब्रेक मारते, सगळं बंद करून टाक. ऐकायचं कोणाचं?

शोरूमवाल्याचं अजिबात ऐकू नका. थोरल्या भावाचं थोडं ऐका. का ते सांगतो.

गाडी चालवणाऱ्याची नजर कुठे असते, लक्ष कधी सुटतं, झोप कशी येते, याचा अभ्यास हे माझं काम. या विषयाला ह्युमन फॅक्टर्स म्हणतात. पंधरा-वीस वर्षं झाली. बराचसा वेळ ट्रकच्या नाहीतर बसच्या केबिनमध्ये चालकाच्या बाजूला वही घेऊन बसण्यात गेलाय, आणि अलीकडे अशा ॲडासवाल्या मोटारींत. खानदेशातले रस्ते पायाखालचे आहेत, तुमचा रस्ताही.

आधी साधा हिशेब करू. तुम्ही सकाळी सहाला उठत असाल तर रात्री अकराला गाडीत बसताना सतरा तास जागे असता. 1997 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉसन आणि रीड या संशोधकांनी काही लोकांना जागं ठेवलं, त्याच लोकांना दुसऱ्या वेळी मोजून दारू दिली, आणि दोन्ही वेळा हात-नजरेच्या मेळाची तीच चाचणी घेतली. सतरा तास जागल्यावर माणसाची कामगिरी रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्याइतकी घसरली होती. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम, म्हणजे 0.03 टक्के. तुम्ही पारोळ्यातून निघतानाच त्या रेषेच्या पलीकडे असता, आणि नवापूर ओलांडून दारूबंदीच्या गुजरातेत शिरता तेव्हा एक थेंबही न घेता चांगलेच चढलेले असता. त्यात रात्री दोन ते पहाटे पाच हा काळ शरीराचाच झोपेचा. नवापूर तुम्हाला साधारण त्याच वेळी लागतं. साक्रीपुढे डोळे जड होतात ते काही रस्ता कंटाळवाणा आहे म्हणून नाही.

अशा माणसाच्या हाती लेन असिस्ट दिलं तर काय होतं? तुमच्या घरी शेती असेल तर पटकन कळेल. शेतात जागल करायला गेलेला माणूस आठवा. माळ्यावर बसायचं, रानडुकरं येतात का बघायचं. रात्रभर काहीच होत नाही, आणि जेव्हा होतं तेव्हा नेमकी डुलकी लागलेली असते. तोच माणूस रात्री पाणी भरायला गेला तर पहाटेपर्यंत टक्क जागा असतो, कारण दर थोड्या वेळानं बारं फोडायचं, म्हणजे पाणी पुढे वळवायचं असतं, हातात फावडं असतं. स्टिअरिंग धरून गाडी चालवणं हे पाणी भरण्यासारखं आहे. क्रूझ आणि लेन असिस्ट चालू केलं की तुमच्या हातातलं फावडं काढून घेतलं जातं आणि तुम्हाला माळ्यावर बसवलं जातं. जबाबदारी तेवढीच राहते. बदलतं ते काम, आणि नवं काम माणसाला जमत नाही.

हे माझं मत नाही. दुसऱ्या महायुद्धात विमानातून पाणबुड्या शोधणारे ब्रिटिश रडारवाले काही वेळानं पडद्यावरच्या खुणा चुकवायला लागत. त्यावरून नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञानं घड्याळाचा एक प्रयोग रचला आणि 1948 मध्ये प्रसिद्ध केला. काटा टकटक पुढे सरकतो, क्वचित एकदम दुप्पट उडी मारतो, ती दिसली की कळवायचं, बास. पहिल्या अर्ध्या तासातच लोकांचं लक्ष घसरलं.  पुढे 1983 मध्ये लिझान बेनब्रिज यांनी ‘स्वयंचलनातला विरोधाभास’ मांडला: यंत्र सोपं काम उचलतं आणि अवघड प्रसंग माणसावर टाकतं, तेही त्याचा हात सुटलेला असताना. त्यांच्यासमोर कारखाने होते. आज माझ्या वहीत मोटारी आहेत, पण नोंदी त्याच.

एक नोंद सांगतो. धुळ्याहून पारोळ्याकडे येत होतो. गाडी एका व्यापाऱ्याची, चालवत तेच होते, मी बाजूला. दुपारची वेळ, माणूस ताजातवाना. लेन असिस्ट चालू, समोरच्या पडद्यावर स्टिअरिंगचं छोटं हिरवं चित्र. मुकटीच्या आसपास रस्त्याला ठिगळ मारलेलं होतं, पट्टा पुसलेला. हिरवं चित्र करडं झालं. आवाज नाही, थरथर नाही, काही नाही. म्हणजे गाडीनं लेन धरणं सोडलं होतं. ते मला कपाशीच्या भावाबद्दल सांगत होते, दोन बोटं स्टिअरिंगवर टेकलेली. मी मनात आकडे मोजायला लागलो. सातपर्यंत पोचलो तेव्हा गाडी साइडपट्टीकडे झुकली आणि त्यांनी दचकून स्टिअरिंग ओढलं, गरजेपेक्षा जास्तच. ताशी 80 च्या वेगानं सात सेकंदांत गाडी दीडशे मीटरपेक्षा जास्त पुढे जाते. मी विचारलं, चित्र करडं झालेलं दिसलं का? ते हसले आणि अहिराणीत म्हणाले, “गाडीले सगळं दिखस भो, मी कशाले देखू?” माझ्या अख्ख्या विषयाचं सार त्या वाक्यात होतं.

यंत्राकडून ताबा परत घ्यायला माणसाला किती वेळ लागतो, यावर इंग्लंडमध्ये एरिकसन आणि स्टँटन यांनी सिम्युलेटरवर प्रयोग केले, ते 2017 मध्ये छापून आले. कोणाला दोन सेकंद लागले, कोणाला पंचवीस. समोर धोका नव्हता, आरामात ताबा घ्यायचा होता, हे खरं. पण मला त्यातली सरासरी महत्त्वाची वाटत नाही, तो फरक वाटतो. आपण दोन सेकंदवाले की पंचवीसवाले, हे त्या रात्रीपर्यंत कोणालाच माहीत नसतं.

आता ‘अर्धी गाडी तीच चालवते’ या वाक्याकडे येऊ. स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा सहा पायऱ्या मानतात. आपल्याकडच्या मोटारींत मिळतं ते फार तर दुसऱ्या पायरीचं. या पायरीवर गाडी वेग आणि दिशा दोन्ही सांभाळू शकते, पण चालक तुम्हीच. रस्ता पूर्ण वेळ बघायचा तुम्हीच, अपघात झाला तर उत्तर द्यायचं तुम्हीच. अर्धं-अर्धं काही नसतं.

7 मे 2016 ला अमेरिकेत फ्लोरिडातल्या विलिस्टनजवळ झालेला अपघात मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगतो, कारण तो आपल्या हायवेवर घडल्यासारखा आहे. मधे डिव्हायडर असलेला रस्ता, डिव्हायडरला कट, सिग्नल नाही. समोरून आलेला ट्रक कटमधून वळून आडवा आला. टेस्लाची गाडी ऑटोपायलटवर, म्हणजे त्या कंपनीच्या क्रूझ आणि लेन असिस्टवर होती, ती ट्रेलरच्या खालून आरपार गेली आणि चालक जागीच ठार झाला. चौकशीत निघालं की ती यंत्रणा आडव्या येणाऱ्या वाहनासाठी बनवलेलीच नव्हती. 41 मिनिटांच्या प्रवासात 37 मिनिटं ऑटोपायलट चालू होतं आणि त्यातली जेमतेम 25 सेकंद स्टिअरिंगवर हात जाणवले होते. चूक ट्रकवाल्याचीही होती, त्यानं वाट द्यायला हवी होती. पण धुळे ते साक्री असे कट किती आहेत आणि त्यातून ट्रॅक्टर कसे निघतात, हे मी तुम्हाला काय सांगू.

याहून आपल्या ओळखीचं एक दृश्य आहे. रात्री तुम्ही एका ट्रकमागे क्रूझवर 70 नं चाललाय, वेग 90 लावून ठेवलाय. पुढचा ट्रक ऐनवेळी उजवीकडे सरकतो. त्याच्या पुढे पंक्चर झालेला दुसरा ट्रक लेनमध्येच उभा असतो, मागे टेल लाइट नाही, रस्त्यावर चार दगड आणि निंबाची फांदी. तुमच्या गाडीला वाटतं रस्ता मोकळा झाला. ती 90 गाठायला वेग वाढवते. कितीतरी क्रूझ यंत्रणा मोठ्या वेगात, आधीपासून उभ्या असलेल्या वस्तू धड ओळखत नाहीत. तसं त्यांच्या माहितीपुस्तकात स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि ते पुस्तक डॅशबोर्डच्या खणात प्लास्टिकच्या पिशवीत बंद असतं.

मग थोरल्या भावाचं बरोबर का? सगळं बंदच करावं?

नाही. या फीचरांचे दोन गट पाडा. काही फीचरं तुम्ही चुकलात तरच धावून येतात: आपोआप लागणारा ब्रेक, पुढच्या गाडीशी टक्कर होईल असा इशारा, आरशात न दिसणाऱ्या बाजूचा इशारा. ही असली तरी गाडी तुम्हीच चालवत असता, फावडं हातातच राहतं. ही सतत चालू ठेवा. दुसरी फीचरं तुमचं काम आधीच उचलून घेतात: अंतर राखणारं क्रूझ, लेनच्या मधोमध धरून ठेवणारं लेन असिस्ट. ती जागा बघून वापरायची, आणि डोळे जड असताना तर अजिबात नाही. झोप येतेय म्हणून लोक ती चालू करतात, हा सगळा उलटा कारभार आहे.

भावाची तक्रार मात्र खोटी नाही. गावातून जाताना मोटारसायकल कट मारते, म्हैस आडवी येते, गाडी किंचाळते. दहा वेळा खोटा इशारा ऐकला की अकराव्या वेळी माणूस लक्ष देत नाही, लांडगा आला रे आला. मागे ट्रक चिकटलेला असताना गाडीनं उगाच ब्रेक मारला तर तोही धोकाच. पण त्यासाठी ब्रेक बंद करायचा नसतो. बहुतेक गाड्यांत इशाऱ्याची संवेदनशीलता कमी-जास्त करता येते, ती एक पायरी कमी करा आणि आठवडाभर बघा. तरीही मोकळ्या रस्त्यावर विनाकारण ब्रेक लागत असेल तर काचेवरचा कॅमेरा आणि पुढचा रडार धूळ-चिखलानं माखलाय का पाहा, नाहीतर सर्व्हिस सेंटरला दाखवा. समोरची काच बदलली असेल तर कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

काही गोष्टी तुमच्या गाडीवर अवलंबून आहेत. स्टिअरिंग हाताचा स्पर्श ओळखतं की फक्त पिळ, म्हणजे ते फिरवायला लावलेला जोर? पिळ ओळखणाऱ्या गाड्यांत लोक पाण्याची बाटली अडकवून गाडीला फसवतात. तो शहाणपणा करू नका, गाडीऐवजी तुम्ही स्वतः फसता. चालकाच्या डोळ्यांवर कॅमेरा आहे का? असेल तर पापण्या किती वेळ मिटलेल्या राहतात ते तो मोजतो आणि त्याचा इशारा बराच विश्वासाचा असतो. नसेल तर पडद्यावर येणारा चहाच्या कपाचा इशारा बहुतेकदा तुमच्या स्टिअरिंग हलवण्यावरून काढलेला अंदाज असतो. लेन असिस्ट चालू असताना स्टिअरिंग गाडीच हलवत असते, मग तो अंदाज कशावर बांधायचा?

नुसतं ‘जागे आहात का’ विचारत राहणाऱ्या यंत्राचा उपयोग किती, हे भुसावळमध्ये मी शिकलो. आमच्या शेजारी एक निवृत्त लोको पायलट राहतात. रेल्वे इंजिनात दक्षता यंत्र असतं. साधारण मिनिटभर पायलटनं काहीच हालचाल केली नाही तर दिवा लागतो, मग बझर वाजतो, तरीही काही केलं नाही तर ब्रेक लागतात. मी विचारलं, रात्री याचा किती आधार वाटायचा? ते म्हणाले, “अहो, बटण हात दाबतो. डोक्याला पत्ताही नसतो.” मग खरा आधार कशाचा? सिग्नल बोलण्याचा. पायलट आणि सहायक पायलट दोघंही प्रत्येक सिग्नल हात दाखवून मोठ्यानं बोलतात, दुसऱ्यानं तो पुन्हा म्हणायचा. बोलायचं म्हणजे आधी बघावं लागतं. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतली मुलं खेळातसुद्धा सिग्नल असे बोलतात.

तुमच्यासोबत कोणी असेल तर हे करून बघा. कट आला, बोला. पुढे उसाची ट्रॉली, बोला. स्टिअरिंगचं चित्र करडं झालं, बोला. पहिले दहा किलोमीटर लाज वाटते, मग वाटत नाही. मात्र सोबतचा माणूस झोपला तर सगळं फुकट.

आता मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं ते सांगतो. सुरतेचं मार्केट काही पहाटे उघडत नाही. पहाटे चारला पोचून तुम्ही करता काय? गाडीतच आडवे होता. तीच झोप घरी घ्या. दहाला झोपा, साडेचारला उठा, पाचला निघा, साडेदहापर्यंत मार्केटला लागाल. पश्चिमेला जाताय म्हणून सकाळचा सूर्य पाठीशी राहतो, आणि संध्याकाळी परत येतानाही पाठीशीच. दुकान उघडायला एक दिवस थोरल्या भावाला लावा. माझ्या सगळ्या अभ्यासातून तुमच्या उपयोगाचा एकच सल्ला काढायचा तर तो निघण्याची वेळ बदलण्याचा आहे, गाडीतलं कुठलंही बटण त्याच्या जवळपास येत नाही.

रस्त्यात क्रूझ लावायचं तर चौपदरी, पट्टे स्वच्छ, गर्दी कमी असलेल्या तुकड्यात लावा. अंतर सगळ्यात जास्त ठेवा. मधे कोणी घुसलं तर घुसू दे, त्याला आधी पोचू दे. डायव्हर्जन दिसलं की बंद. गाव आलं की बंद. दहिवेल सोडलं की कोंडाईबारी घाट उतरून विसरवाडीपर्यंत सगळं हातानं चालवा. वळणावर क्रूझला पुढची गाडी दिसेनाशी होते आणि रस्ता मोकळा समजून ती वेग घेते, घाटात हे नको. बारडोलीच्या अलीकडे-पलीकडे गळीत हंगामात उसाच्या गाड्या असतात, मागे धड रिफ्लेक्टर नाही, बाहेर लोंबणारा ऊस. कॅमेऱ्याला ते काय दिसेल ते दिसेल, तुम्ही बघा.

कधी नाइलाजानं रात्रीच निघावं लागलं आणि डोळे मिटायला लागले, तर काच खाली करणं आणि गाणी मोठ्यानं लावणं यानं काही मिनिटांपलीकडे भागत नाही. इंग्लंडमध्ये लफबरो विद्यापीठात 1990 च्या दशकात हे तपासून झालंय. त्यांनाच उपयोगी आढळलं ते असं: कॉफी प्यायची आणि लगेच पंधरा मिनिटं डोळे मिटायचे. कॉफीचा असर चढायला वीसेक मिनिटं लागतात, तेवढ्यात डुलकी होऊन जाते. ढाब्यावर कडक चहा घ्या, नाइलाज आहे, पण दोन घ्या. गाडी ढाब्याच्या आवारात आत लावा, साइडपट्टीवर नाही. पुढे निघाल्यावर पुन्हा एकदा जरी डुलकी आली तर त्या रात्रीचं सुरत संपलं असं समजा, नवापूरला मुक्काम करा.

आणि थोरल्या भावासाठी. रविवारी सकाळी, दोघंही ताजे असताना, त्यांना चालवायला बसवा आणि फागण्यापर्यंत जाऊन या. तुम्ही बाजूला बसा, मोबाइल खिशात. लेन असिस्ट लावा आणि स्टिअरिंगचं चित्र जेव्हा जेव्हा करडं होईल तेव्हा मनात मोजा, त्यांना कळायला किती आकडे लागतात. येताना जागा बदला आणि त्यांना मोजू द्या. दोघांचे आकडे इथे लिहा, मग तुमच्या गाडीच्या सेटिंगबद्दल नेमकं काही सांगता येईल.